२० टक्के की १२ टक्के? तुमच्या एसआयपीने खरंच किती कमावलं, ते असं काढा

मार्च २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात जिल्हा परिषद शाळेतले एक गुरुजी माझ्याकडे आले. लातूरला गंजगोलाईजवळ माझं हिशेब आणि टॅक्स रिटर्नचं छोटं ऑफिस आहे, तिथे ते दरवर्षी येतात. या वेळी मात्र एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याला भरायचा ठरावीक हप्ता, बंद करायची असं ठरवूनच आले होते. मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाले, "बघा की सर, महिन्याला पाच हजार भरून तीन वर्षं झाली, अन् हे वीसच टक्के दाखवायलंय. वर्षाला पुरते सातसुद्धा पडेनात. बँकेत सात मिळतात. कशाला जीव टांगून ठेवायचा?" मग बोट सरकवून दुसरा फंड दाखवला. "हा जुना. आठ वर्षांमागं यात एकदाच लाख टाकले होते. बासष्ट टक्के वर हाय. आता हे पाच हजारबी यातच टाकतो."

मोबाइलवरचे दोन्ही आकडे खरे होते. गुरुजींनी काढलेला अर्थ मात्र दोन्ही वेळा उलटा होता. चांगलं चाललेलं बंद करून ते मागे पडलेल्या ठिकाणी पैसे घालणार होते. वर्गात चक्रवाढ व्याज शिकवणाऱ्या माणसाची ही गत, तर बाकीच्यांचं काय?

ऑक्टोबर २०२४ मध्ये देशभरातून एसआयपीने एका महिन्यात २५,००० कोटींहून जास्त पैसे म्युच्युअल फंडांत गेले. त्यात आता उदगीर, अंबाजोगाई, जिंतूर, भोकरदनचेही हप्ते आहेत. आधीच सप्टेंबर २०२४ मध्ये २६,००० च्या वर गेलेला शेअर बाजाराचा निर्देशांक निफ्टी मार्च २०२५ च्या सुरुवातीला २२,००० च्या आसपास आला आणि माझ्याकडे 'बंद करू का' म्हणून विचारणाऱ्यांची रांग लागली. बंद करायचं की चालू ठेवायचं हा पुढचा प्रश्न. आपण नेमके किती कमावले, हे आधी तर कळायला हवं.

## युनिट म्हणजे काय, एनएव्ही म्हणजे काय

समजा गावातल्या शंभर जणांनी आपापलं सोयाबीन, तूर, हरभरा एकाच गोदामात ठेवलं. कोणाची पाच पोती, कोणाची पन्नास. ज्याने त्याने आपल्या वाट्याच्या पावत्या घेतल्या. आता गोदामातल्या सगळ्या मालाची आजच्या बाजारभावाने किंमत काढायची, देखभालीचा खर्च वजा करायचा आणि एकूण पावत्यांनी भागायचं. एका पावतीची जी किंमत येईल, ती एनएव्ही. पावती म्हणजे युनिट. गोदामात धान्याऐवजी कंपन्यांचे शेअर किंवा कर्जरोखे असले, की झाला म्युच्युअल फंड.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. "नवीन फंड निघालाय, दहा रुपयांना युनिट मिळतंय, स्वस्तात आहे" असं सांगणारे भेटतात. दहाचं युनिट स्वस्त आणि पाचशेचं महाग, असं काही नसतं. एका भाकरीचे चार तुकडे केले काय नि आठ केले काय, पोटात जाते ती एकच भाकरी. एनएव्ही कितीची आहे याला महत्त्व नाही, ती कितीने वाढते याला आहे.

## सगळे सालगडी पाडव्यालाच आले होते का?

आता गुरुजींच्या २० टक्क्यांकडे येऊ. त्यांनी ३६ हप्ते भरले, म्हणजे १,८०,००० रुपये. त्या दिवशी त्याचे २,१६,००० झाले होते. ३६,००० ची वाढ, म्हणजे २० टक्के. याला एकूण परतावा म्हणतात. ॲपवर ठळक अक्षरात बहुतेक हाच दिसतो.

गुरुजींनी २० ला तीनने भागलं. पण १,८०,००० रुपये तीन वर्षं कामाला होते कुठे?

आपल्याकडे सालगडी गुढीपाडव्याला धरतात. एक गडी पाडव्याला कामावर आला, दुसरा पोळ्याला, तिसरा दिवाळीनंतर. पुढच्या पाडव्याला हिशेब करताना कोणी तिघांकडून सारख्याच कामाची अपेक्षा धरत नाही. जो जितके महिने राबला, तितक्याचा हिशेब. एसआयपीचा प्रत्येक हप्ता असाच वेगळ्या महिन्यात कामावर आलेला गडी आहे. पहिले पाच हजार पुरे ३६ महिने राबले. शेवटच्या पाच हजारांना जेमतेम एक महिना झाला. सरासरी काढली तर गुरुजींचा प्रत्येक रुपया दीड वर्षाच्या थोडा वर कामाला होता. म्हणजे ती २० टक्के वाढ दीड वर्षाच्या कामाची आहे. प्रत्येक हप्त्याची तारीख धरून नीट गणित केलं की वार्षिक दर येतो १२.२ टक्के.

या गणिताचं नाव एक्सआयआरआर. नाव अवघड आहे, काम सोपं आहे: कुठल्या तारखेला किती पैसे गेले, कुठल्या तारखेला किती परत आले आणि आज किती आहेत, एवढं घेऊन ते वर्षाचा एकच व्याजदर सांगतं.

गुरुजींना माझ्यावर एकदम विश्वास बसला नाही, आणि ते बरोबरच आहे. म्हणून मी त्यांना बँकेच्या आवर्ती ठेवीचं, म्हणजे आरडीचं, उदाहरण करून दाखवलं. महिन्याला ५,००० आणि व्याज ७ टक्के धरलं, तर ३६ महिन्यांनी हातात येतात साधारण २,००,७००. एकूण वाढ साडेअकरा टक्के. त्याला तीनने भागलं तर वर्षाला चारसुद्धा येत नाहीत. मग बँकेने फसवलं म्हणायचं का? नाही. भागाकारच चुकीचा होता. एसआयपीची तुलना मुदत ठेवीशी न करता आरडीशी केली की गोंधळ तिथेच मिटतो.

## मग ६२ टक्के?

तिथे चूक उलट बाजूने होती. एकच रक्कम, एकदाच टाकलेली, आठ वर्षं. एक लाखाचे एक लाख बासष्ट हजार. अशा एकरकमी पैशाला साधा चक्रवाढ दर पुरतो, त्याला सीएजीआर म्हणतात. ६२ टक्के आठ वर्षांवर चक्रवाढीने पसरले की वर्षाला ६.२ टक्केच राहतात.

आपले आजे-पणजे शाळेत गेले नसतील, पण कोणी व्याजाचं बोललं की आधी विचारायचे, 'शेकडा किती आणि किती महिन्यांसाठी?' सावकाराचे शेकडा दोन म्हणजे महिन्याला दोन टक्के, वर्षाला सरळ २४, हे त्यांच्या जिभेवर असायचं. मुदत न सांगता सांगितलेला टक्का त्यांनी ऐकूनच घेतला नसता. मोबाइलवर हिरव्या रंगात आकडा दिसला की आपण मात्र मुदत विचारायची विसरतो.

## एक्सआयआरआर कधी फसवतो

कमी दिवसांच्या पैशावर. दोन महिन्यांपूर्वी लाख रुपये टाकले आणि आज १,०४,००० आहेत. वाढ ४ टक्के. एक्सआयआरआर मात्र दाखवेल साडेसव्वीसच्या आसपास, कारण 'असंच वर्षभर चाललं तर' असं तो धरतो. रोहिणीत एक दणका पाऊस पडला म्हणून पुऱ्या पावसाळ्याचे मिलिमीटर कोणी ठरवत नाही. वर्ष उलटेपर्यंत हा आकडा पाहूच नये, आणि तीन वर्षांच्या आतला फारसा मनावर घेऊ नये, असं माझं मत आहे.

## फंडाने कमावलं, तुम्ही का नाही?

या प्रश्नाने माणसं खरोखर दुखावतात. "फंडाच्या कागदावर साडेनऊ टक्के लिहिलंय, मी तर तोट्यात आहे. माझे पैसे खाल्ले का?" खाल्ले नाहीत. कसं होतं ते पाहा.

एका फंडाची एनएव्ही १० होती. पहिल्या वर्षी ५० टक्के वाढून १५ झाली. दुसऱ्या वर्षी २० टक्के पडून १२ झाली. दोन वर्षांत १० चे १२, म्हणजे वर्षाला साडेनऊ टक्के. कागदावर हेच छापलं जाईल आणि ते खरंच आहे.

आता तुम्ही सुरुवातीला भीतभीत १०,००० टाकले. वर्षभरात ५० टक्के वाढ पाहिली, शेजारच्यांनी सांगितलं, दुकानात चर्चा झाली, आणि तुम्ही सोयाबीनचे आलेले एक लाख रुपये दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला टाकले. पहिल्या दहा हजारांचे १२,००० झाले. नंतरच्या लाखाचे ८०,००० उरले. घातले १,१०,०००, आहेत ९२,०००. तुमचा एक्सआयआरआर उणे १५ टक्क्यांच्या पुढे. फंड तोच, वर्षं तीच. फरक पडला तो मोठा पैसा कुठल्या तारखेला गेला याने.

तुरीचा भाव चढला की पुढच्या हंगामात सगळ्यांनी तूर पेरायची आणि माल बाजारात येईस्तोवर भाव उतरलेला असायचा, हे आपण मोंढ्यात कैक वेळा पाहिलंय. शेतात ज्या चुकीने हात पोळले, तीच चूक फंडात करताना ती ओळखू येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

## पगार नाही, मग एसआयपी कशी जमणार?

मराठवाड्यात हा प्रश्न मोठा आहे. दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यात पैसे असणं हे नोकरदाराचं चित्र. शेतकऱ्याच्या घरात पैसा येतो तो सोयाबीन निघाल्यावर, मग तुरीचा, आणि ऊस असला तर कारखाना बिल काढेल तसा. पाऊस नीट झाला नाही की तेही नाही. म्हणून बरेच जण सुगीला एकदम ४०,००० टाकतात, पुढच्या वर्षी २५,०००, एखाद्या वर्षी काहीच नाही, आणि मुलीच्या लग्नाला मधेच ३०,००० काढतात.

यात चूक काही नाही. मात्र अशा हिशेबाला एकूण परतावाही चालत नाही आणि साधा चक्रवाढ दरही. एक्सआयआरआर नेमका अशा वेड्यावाकड्या तारखांसाठीच आहे. हप्ते समान अंतराने हवेत, अशी त्याची अट नाही. पगारदारापेक्षा शेतकऱ्यालाच तो जास्त लागतो.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. डोक्यावर सावकाराचं शेकडा दोन-तीनचं देणं असेल, तर फंडाचा विचार आत्ता नको. वर्षाला २४ टक्क्यांचं देणं फेडणं म्हणजे २४ टक्के हमखास कमावणं आहे. कुठलाही फंड तेवढी हमी देत नाही.

## "त्यापेक्षा प्लॉट बरा की!"

लातूर असो, नांदेड असो, हे ऐकावं लागतंच. "पाच लाखाला घेतलेला प्लॉट वीस लाखाला गेला. चौपट! तुमचा फंड देतो का?" मी विचारतो, किती वर्षांत? उत्तर येतं, "असतील चौदाएक."

इथे ७२ चा आडाखा कामाला येतो. ७२ ला वार्षिक दराने भागलं की पैसे दुप्पट व्हायला लागणारी वर्षं मिळतात. चौदा वर्षांत चौपट म्हणजे सात वर्षांत दुप्पट. ७२ भागिले ७, साधारण दहा टक्के. त्यातून खरेदीखताचा खर्च, दरवर्षीचा कर, तारेचं कुंपण आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत घातलेल्या चकरा वजा करा. प्लॉट वाईट असतो असं मी म्हणत नाही. माझाही एक आहे. पण फंडाला रोजच्या भावाने तोलायचं आणि प्लॉटला फक्त खरेदी-विक्रीच्या दोन आकड्यांनी, ही तुलना बरोबर नाही. दोघांना एकच माप लावा.

## पतसंस्थेसारखं झालं तर?

ही भीती खोटी नाही. गेल्या काही वर्षांत बीड-जालन्यापासून आपल्याकडे मल्टिस्टेट पतसंस्थांत हजारो कुटुंबांच्या ठेवी अडकल्या. त्यात निवृत्त माणसांची पुंजी होती, लग्नाचा पैसा होता. त्या लोकांना 'फंड सुरक्षित आहे हो' असं वरवर सांगणं मला पटत नाही. म्हणून रचना सांगतो.

पतसंस्थेत ठेव ठेवली की पैसे संस्थेचे होतात, आणि संस्था तुमची देणेकरी. म्युच्युअल फंड कायद्याने विश्वस्त संस्था, म्हणजे ट्रस्ट, असतो. मालमत्ता गुंतवणूकदारांच्या वतीने ट्रस्टकडे असते, शेअर कस्टोडियन नावाच्या वेगळ्या संस्थेकडे जपून ठेवलेले असतात, आणि काय घ्यायचं काय विकायचं हे ठरवणारी कंपनी तिसरीच असते. तिला ठरावीक फी मिळते. ती कंपनी अडचणीत आली तरी गोदामातला माल तिचा नसतो. सगळ्यांवर देखरेख सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची.

म्हणून तोटा होत नाही का? होतो. मालाचा भाव पडला की पावतीचा भाव पडणारच. जानेवारी २००८ मध्ये २१,००० च्या आसपास गेलेला सेन्सेक्स त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये काही काळ ८,००० च्याही खाली होता. शेअरच्या नसलेल्या फंडातही धोका असतो: एप्रिल २०२० मध्ये एका फंड घराण्याने कर्जरोख्यांच्या सहा योजना एकदम गुंडाळल्या आणि लोकांना पैसे टप्प्याटप्प्याने, वाट पाहून मिळाले.

साठी ओलांडलेल्या वाचकांना आणखी एक आठवण असेल, युनिट ट्रस्टची 'यूएस-६४'. १९६४ मध्ये निघालेली ही योजना शिक्षक, कारकून, पोस्टातली माणसं यांच्या घराघरांत होती. तिची खरेदी-विक्रीची किंमत संस्था जाहीर करायची आणि ती आतल्या मालाच्या खऱ्या भावाला बांधलेली नव्हती. आतला माल उतरला, पावतीवरची किंमत वरच राहिली, आणि जुलै २००१ मध्ये व्यवहार थांबवावे लागले. आज प्रत्येक फंडाची एनएव्ही रोज जाहीर होते. ती लाल झालेली पाहून पोटात गोळा येतो, हे खरं. पण रोज दिसणारी पडझड ही न दिसणाऱ्या पडझडीपेक्षा केव्हाही बरी.

## ॲप दाखवतंच की, वही कशाला?

कारण ॲपला तुमचा सगळा संसार माहीत नसतो. काही ॲप फक्त त्यांच्यामार्फत घेतलेले फंड दाखवतात. काही ठिकाणी विकून टाकलेले युनिट हिशेबातून गळतात, म्हणजे तोट्यात विकलेला फंड दिसेनासा होतो आणि उरलेल्यांचा आकडा गोजिरा दिसतो. बँकेच्या माणसाने दहा वर्षांपूर्वी सही घेऊन सुरू केलेली योजना तर कुठेच नसते.

आधी तुमच्या पॅनवरचं एकत्रित खातेविवरण मागवा. कॅम्स आणि केफिनटेक या नोंदी ठेवणाऱ्या संस्थांच्या संकेतस्थळावर किंवा एमएफ सेंट्रलवर ते फुकट मिळतं आणि ईमेलवर येतं. विसरलेले फोलिओ, म्हणजे फंडातली जुनी खाती, तिथे सापडतात.

मग एक्सेल किंवा गुगल शीटमध्ये दोन रकाने करा, तारीख आणि रक्कम. खिशातून गेलेली रक्कम उणे चिन्ह लावून, परत आलेली तशीच. शेवटच्या ओळीत आजची तारीख आणि सगळ्या युनिटांची आजची किंमत. त्याखाली एक्सआयआरआरचं सूत्र, आधी रकमांचा रकाना, मग तारखांचा. उत्तर आलं.

माझ्या ऑफिसात नेहमी अडतं ते इथे. तारखेत टिंब टाकलं की शीट बहुतेक वेळा त्याला तारीख मानत नाही, तिरकी रेघ किंवा आडवी रेघ वापरा. उणे चिन्ह विसरलात तर उत्तर येणारच नाही. एका योजनेतून दुसऱ्या योजनेत वळवलेले पैसे, दोन्ही योजनांचा मिळून हिशेब करत असाल, तर नव्याने घातले म्हणून लिहू नका. आणि बँकेत जमा झालेला लाभांश हा परत आलेला पैसा आहे, तो लिहायलाच हवा.

आलेला आकडा एकटा पाहू नका. शेअरचा फंड असेल तर तेवढ्याच काळातल्या निर्देशांकाशी लावून पाहा, लाभांश धरून मोजलेल्या निर्देशांकाशी. तुमचेच हप्ते त्याच तारखांना साध्या निफ्टी फंडात, म्हणजे निफ्टीतल्याच कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या फंडात, गेले असते तर काय झालं असतं, ही खरी तुलना. खर्चही पाहा. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाची डायरेक्ट आवृत्ती मिळते, तिच्यात मध्यस्थाचं कमिशन नसतं. वर्षाला एक टक्क्याचा फरक किरकोळ वाटतो, पण एक लाख रुपये वीस वर्षं १२ टक्क्यांनी वाढले तर साडेनऊ लाखांच्या वर जातात आणि ११ टक्क्यांनी आठ लाखांच्या जरा वर. असं असलं तरी मार्च २०२० मध्ये बाजार कोसळताना ज्या एजंटाने तुमचा हात धरून 'विकू नका' म्हटलं असेल, त्याने आपलं कमिशन कमावलं, असंच मी मानतो.

हा सगळा परतावा कराच्या आधीचा. शेअरच्या फंडातून वर्षानंतर काढलेल्या नफ्यावर, आर्थिक वर्षात १.२५ लाखांपुढे, १२.५ टक्के कर लागतो. हा दर २३ जुलै २०२४ पासूनचा.

किती वेळा पाहायचं? वर्षातून दोनदा. दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाला दुकानदार वही पुजतो, तेव्हा एकदा आणि पाडव्याला एकदा. रोज पाहणारी माणसं चुकीच्या दिवशी विकताना मी पाहिली आहेत.

गुरुजींनी त्या संध्याकाळी माझ्यासमोरच शीट भरली. एसआयपी १२.२, जुना फंड ६.२. बराच वेळ ते दोन्ही आकड्यांकडे बघत बसले. पाच हजारांचा हप्ता चालू राहिला. जुन्या फंडाबद्दल मी म्हटलं, आज काही करू नका, आधी पासबुक आणा, कारण विवरणात लाभांशाचा पर्याय दिसत होता. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते दोन पासबुकं घेऊन आले. पान उलटता उलटता दोन नोंदी सापडल्या, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षातल्या, पाच-पाच हजारांच्या. त्या शीटमध्ये घातल्या आणि ६.२ चे ७.३ झाले. मधलं एक पासबुक भरून बदललेलं होतं, ते घरात सापडत नव्हतं. "सोमवारी बँकेतून त्या वर्षाचा उतारा काढून आणतो, मग बघू," म्हणत त्यांनी दोन्ही पासबुकं पिशवीत घातली.